खडकीच्या बाजारांतील पिशवी

पुण्यास जाणारा प्रवासी खडकी स्टेशनावर सहसा उतरत नाहीं. लोणावळ्याकडून येणारी लोकल दापोडी सोडून मुळेच्या पुलावरून पलीकडे आली, कीं त्याची दृष्टि शिवाजीनगराकडे लागते; खडकी येते आणि जाते. शाळेंतील इतिहासांत तिच्या वांट्यास एक तारीख आली आहे, 5 नोव्हेंबर 1817. ती परीक्षेच्या कागदावर उतरली, कीं खडकीशीं असलेला सुशिक्षित माणसाचा संबंध संपला. ही तारीख मुलांकडून घोकून घेण्याचें काम आम्हीं स्वतः अडतीस वर्षें केलें; परंतु तळेगांव दाभाड्याहून तासाभराच्या आंत जेथें जातां येतें, तें गांव आम्हीं पायानें कधीं पाहिलें नव्हतें. गतवर्षीं एका फाटक्या पिशवीनें तो योग आणला.

पिशवीची हकीकत आधीं सांगितली पाहिजे. आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणत, ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्यें, म्हणजे सैन्यासाठीं रस्ते व पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या पथकांत, अठरा वर्षें नोकरीस होते. परमवीरचक्राचे मानकरी रामा राघोबा राणे हे ह्याच पथकाचे. 1948 च्या एप्रिलांत नौशेराच्या पुढें, रणगाड्याखालीं सरपटत व दोरीच्या खुणेनें चालकास वाट दाखवीत, त्यांनीं सुरुंगांमधून मार्ग काढला ही कथा दादा आम्हांस वारंवार सांगत. भिक्षुकी आणि मास्तरकी ह्यांखेरीज तिसरा व्यवसाय न पाहिलेल्या आमच्या घरांतील मुलगा शिपाई होण्यास गेला, म्हणून वडील त्यांच्याशीं दोन वर्षें बोलले नव्हते. निवृत्त होऊन दादा घरीं आले तेव्हां त्यांच्या खांद्यास खाकी कॅनव्हसची एक पिशवी अडकविलेली होती. वडिलांनीं ती हातांत घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "शिवण चांगली आहे." अबोला तर पूर्वींच मिटला होता, परंतु दादांच्या नोकरीविषयीं वडिलांच्या तोंडून आलेला तो पहिला चांगला शब्द.

दादा गेले त्यास आतां चार वर्षें झालीं. देहू आमच्या गांवाहून तीन-चार कोसांवर. ज्येष्ठ वद्य सप्तमीस तेथून तुकोबारायांची पालखी निघते. तिच्याबरोबर दादा व वहिनी कित्येक वर्षें पायीं पंढरपुरास जात. दादांच्या मागें वहिनी एकट्या जाऊं लागल्या, आणि त्यांच्या खांद्यावर दादांची पिशवी. दोन वर्षांपूर्वीं रोटी घाटांत पाऊस लागला. चढावर पिशवीचा पट्टा मुळापासून निसटला. पिशवी एकीकडे आणि वहिनी एकीकडे. चष्मा फुटला, रक्तदाबाच्या गोळ्या चिखलांत गेल्या, गुडघा सुजला, आणि उरलेली वाट त्यांस गाडींत बसून काढावी लागली. घरीं आल्यावर आमच्या पुतण्यानें स्पष्ट सांगितलें, "आई, आतां वारी पुरे झाली." वहिनी त्यावर कांहींच बोलल्या नाहींत. पुढील चैत्र लागल्यावर मात्र एके सकाळीं त्यांनीं ती पिशवी आमच्यापुढें ठेविली व म्हणाल्या, "भाऊजी, एवढी नीट करून आणा. नवी नको, हीच." पिशवी नीट झाली तर वारी आहे, न झाली तर नाहीं, हा त्याचा अर्थ घरांतील लहानथोरांस कळून चुकला.

गांवांतील शिंप्यानें पिशवी यंत्राखालीं धरली आणि दोन सुया मोडून परत केली. "पुण्याच्या जुन्या बाजारांत मिलिटरीचा माल येतो, तेथें पाहा," असें त्यानें सुचविलें. हा बाजार मंगळवार पेठेच्या बाजूस बुधवारीं व रविवारीं भरतो. आम्ही एका बुधवारीं सकाळच्या लोकलनें निघालों. देहूरोड स्टेशन आलें तेव्हां मनांत आलें, एकाच नांवांत तुकोबांचें गांव आणि फौजेची छावणी कशी शेजारीं शेजारीं नांदत आहेत! आमच्या मांडीवरील पिशवीचेंही तसेंच नव्हतें काय?

जुना बाजार हें संसाराचें उलटें पान आहे. जें घरांतून बाहेर पडलें तें येथें जमिनीवर मांडलेलें असतें: कुलुपें किल्ल्यांवांचून, किल्ल्या कुलुपांवांचून, पितळी समया, नाणीं, बंद पडलेलीं घड्याळें, यंत्रांचे सुटे भाग. एका कडेस लष्करी वस्तूंचे ढीग होते. बूट, कमरपट्टे, पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या! पिशव्या पाहून आम्हांस हर्ष झाला. रंग तोच, घडण तीच. परंतु एका वयोवृद्ध विक्रेत्यानें आमच्या हातांतील जुनी पिशवी पाहिली आणि स्वतःच्याच मालाकडे बोट करून हळूच म्हटलें, "मास्तर, ही फौजेची नाहीं, फौजेसारखी आहे." त्यानें नवीन पिशवीच्या कापडावर नख घासलें, पांढरी पूड निघाली. ती खळ. पहिल्या पावसांत खळ वाहून जाते आणि कापड पंचासारखें लुळें पडतें. मग त्यानें पिशवीचें तोंड उघडून पट्टा दाखविला. तो केवळ तोंडाच्या कांठावर बोटभर शिवलेला होता. "सारें ओझें ह्या बोटभर शिवणीवर," तो म्हणाला. आपल्याच दुकानांतील वस्तु ग्राहकास न घेऊं देणारा असा व्यापारी आम्ही प्रथमच पाहिला. त्याच्याकडून आम्हीं जुन्या पट्ट्यावरचीं दोन पितळी बक्कलें घेतलीं, आणि खडकीच्या बाजारांतील एका कारागिराचा ठावठिकाणाही घेतला.

दुपारीं खडकीस उतरलों. खडकीचा बाजार हा छावणीच्या आश्रयानें वाढलेला बाजार. येथील दारूगोळ्याचा कारखाना 1869 सालचा. सॅपर्सचें ठाणें येथलेंच. त्यामुळें पुण्याच्या पेठांत न दिसणारीं दुकानें येथें दिसतात. कोठें खांद्यावरच्या पट्ट्या व बिल्ले, कोठें कडक इस्त्रीचे गणवेश, कोठें लोखंडी पेट्यांवर पांढऱ्या रंगानें नांव व क्रमांक रंगविणारे. सांगितलेलें दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीवर पांडुरंगाची तसबीर, तिच्याखालीं नामदेवरायांची. दाराशीं पायानें चालविण्याचें जड यंत्र, आणि त्यामागें सत्तरीचे एक गृहस्थ. ते नामदेव शिंपी समाजाचे. त्यांच्या वडिलांनीं आणि आजोबांनीं छावणीचींच कामें केलेलीं. शिंप्यासही मास्तर म्हणतात आणि आम्हांसही मास्तर म्हणतात. त्यामुळें पहिलीं दोन वाक्यें कोण कोणास बोलत आहे हें शेजारच्या मुलास कळेना. शेवटीं त्यांनींच तोड काढली व आम्हांस गुरुजी म्हणूं लागले.

त्यांनीं पिशवी घेतली, पण तुटलेल्या पट्ट्याकडे पाहिलेंच नाहीं. तळाशीं कापड दोन्ही अंगठ्यांत धरून त्यांनीं किंचित् ताणलें. वाळलें पान फाटावें तसा आवाज झाला.

"गुरुजी, पट्टा तुटला तो तुम्हांला दिसला. कापड त्याच्या कितीतरी आधीं मेलें आहे. ऊन, घाम, बुरशी. मेलेल्या कापडांत टांका घातला तर टांका राहतो, कापड जातें."

"पण ठिगळ लावून—"

"लावून देईन कीं. पैसे घेईन, आणि बाई पुन्हां घाटांत पडतील. तें माझ्याच्यानें होणार नाहीं. हिच्याबरहुकूम नवी करून देतों. पण ही उसवावी लागेल."

आम्हीं विचारलें, वरून माप घेतां येणार नाहीं काय?

"वरून माप घेतलें म्हणजे जुन्या बाजारांतली पिशवी होते. शिवणीच्या पोटांत कापड किती दुमडलें आहे, पट्टा कोठून निघाला आणि कोठवर गेला, हें उसवल्यावांचून कळत नाहीं. घरीं विचारा. मी कातर लावणार नाहीं."

आम्ही घरीं आलों आणि वहिनींस सर्व सांगितलें. त्यांनीं पिशवी उचलून देवघराच्या फडताळांत ठेविली. दोन दिवस त्या विषयाचें अक्षर काढलें नाहीं. पुतण्यास वाटलें, प्रश्न आपोआप सुटला. आम्हांस काय करावें हें सुचेना, तेव्हां संवयीप्रमाणें आम्ही कोश घेऊन बसलों.

कोशांत मात्र पुष्कळ सांपडलें. कॅनव्हस हा शब्द लॅटिन भाषेंतील भांगेच्या झाडाच्या नांवापासून आला. कारण मूळचें कॅनव्हस त्या झाडाच्या वाखाचें विणीत. आजचें बहुतेक कापसाचें असतें, नांव मात्र जुनेंच राहिलें. मनुस्मृतींत ब्राह्मणाचें यज्ञोपवीत कापसाचें, क्षत्रियाचें शणाचें व वैश्याचें लोंकरीचें सांगितलें आहे; म्हणजे वाखाचें सूत लढवय्याचें, ही कल्पना आपल्याकडेही जुनी. सैनिकाच्या पिशवीस हॅवरसॅक म्हणतात. तो शब्द जर्मन असून त्याचा मूळ अर्थ ओट धान्याची पिशवी. म्हणजे आपला तोबराच! आणि प्रवासांत पाणी गार ठेवण्यासाठीं कॅनव्हसची जी छागळ नेत, तिच्या नांवांत संस्कृत छाग, म्हणजे बोकड, बसला आहे. कारण पूर्वीं ती कातड्याची असे. वस्तु बदलते, द्रव्य बदलतें, नांव तेवढें मागें राहतें. हें सर्व आम्हीं उत्साहानें वहिनींस वाचून दाखविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, "शब्द उसवायला सोपे असतात, भाऊजी."

तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीच्या आधीं त्या ओसरीवर येऊन बसल्या. मांडीवर पिशवी, हातांत दाढीच्या पात्याचा तुकडा. सूनबाई मदतीस आली, तिला त्यांनीं मानेनेंच नको म्हटलें. एकेक टांका कापून, दोरा ओढून, त्या शिवण मोकळी करूं लागल्या. कापडास पातें लागूं नये म्हणून प्रत्येक वेळीं बोट आड धरीत. पट्ट्याच्या मुळाशीं पोंचल्यावर हात थांबला. खाकी दोऱ्याच्या सरळ टिपेवर काळ्या दोऱ्याचे आठ-दहा वेडेवांकडे टांके होते. फौजेंतील शिपायाजवळ सुई-दोऱ्याची एक गुंडाळी असते. आपलें फाटलें-तुटलें त्यानें आपणच शिवावयाचें असा तेथील शिरस्ता. वहिनी म्हणाल्या, "हे त्यांचे. बटण लावतांना सुद्धां असाच आडवा टांका घालीत." तेवढा चौकोन त्यांनीं अखंड राखला. तळाच्या शिवणींतून चिमूटभर बारीक रेती पडली. दादा 1971 च्या युद्धांत राजस्थानच्या सरहद्दीवर होते. रेती तिकडची, कीं पंढरीच्या वाटेवरच्या वाखरीची, हें कोण सांगणार? वहिनींनीं ती पुरचुंडींत बांधून ठेविली. अंधार पडण्याच्या आंत पिशवीचे पांच तुकडे ओसरीवर ओळीनें मांडले होते.

ते तुकडे पाहून आम्हांस जी गोष्ट उमगली ती सांगण्यासाठींच खरें पाहतां हा लेख लिहिला. पिशवी म्हणजे कापडाचा खोका आणि त्यास जोडलेला पट्टा, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षांत उलटें आहे. ती जाड पट्टी, म्हणजे आपली पलंगाची नवारच, खांद्यावरून उतरून पिशवीच्या एका कुशीनें खालीं जाते, तळाखालून पलीकडे निघते, आणि दुसऱ्या कुशीनें वर येऊन पुन्हां खांद्याशीं मिळते. ती एक अखंड फेरी आहे. ओझें तिच्यावर, कापड त्या फेरींत केवळ बसलेलें. दादांच्या पिशवीची नवार वर्षानुवर्षें घांसून तळाशींच विरली होती, आणि ती गेल्यावर सारा भार कुशीच्या कापडावर व आठ-दहा काळ्या टांक्यांवर आला होता. रोटी घाटापर्यंत त्यांनीं तो सोसला हेंच नवल.

दुसऱ्या खेपेस तुकडे घेऊन आम्ही सकाळींच खडकीस गेलों. मास्तरांनीं ते पाटावर मांडले, हात जोडल्यासारखें केलें आणि कामास लागले. वाचकांपैकीं कोणास घरीं अशी पिशवी शिववून घ्यावयाची असेल म्हणून त्यांची रीत जरा तपशिलानें देतों.

कापडाची जाडी औंसांवर मोजतात. चौरस वारास 12 औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारें 400 ग्रॅम. खांद्यावर रोज वागवावयाच्या पिशवीस 12 ते 16 औंसांचें कापड पुरें. त्याहून जाड घेतलें तर दुमडीच्या जागीं चार पदर एकत्र येतात तेथें सुई चालत नाहीं, आणि रिकाम्या पिशवीचेंच ओझें होतें. कापड कापण्यापूर्वीं गरम पाण्यांत भिजवून वाळवावें. सुती कॅनव्हस वारामागें एक-दोन इंच सहज आटतें. हा आटा पिशवी शिवल्यावर निघाला तर शिवणी सुरकुततात. त्याच वेळीं खळही निघून जाते व कापडाचें खरें रूप कळतें.

अंगाचा तुकडा एकच. पुढची बाजू 12 इंच, तळ 4, मागची बाजू 12, आणि पुढें झांकण 9, असा सलग 37 इंच. त्यांत दोन्ही टोंकांच्या दुमडीसाठीं 3 इंच मिळवून 40. रुंदी 10 इंच आणि दोहों बाजूंस अर्धा-अर्धा इंच शिवणीचा. तळ निराळा जोडीत नाहींत, कारण जोड म्हणजे तुटण्याची जागा. कुशींच्या दोन पट्ट्या 4 इंच रुंद, अधिक शिवण. आंत एक पडदा, ज्याच्या पुढच्या बाजूस पाण्याची बाटली व डबा राहतो. 2 इंच रुंदीची नवार अडीच वार.

आमचा प्रश्न होता, टांका जितका बारीक तितकी शिवण बळकट, असेंच ना? मास्तर हंसले. "टपालाचें तिकिट कसें फाटतें, गुरुजी? भोंकें जवळ जवळ असतात म्हणून. इंचाला सात टांके. बारीक टिपेनें कापडाला भोंकांची रांग पडते आणि कापड तिकिटासारखें फाटतें." जाड सुई, मजबूत दोरा, आणि कांठ दुमडून आंत घेऊन त्यावर दुहेरी टीप. उघडा कांठ कोठेंही राहूं द्यावयाचा नाहीं; सुटलेल्या धाग्यापासूनच नाशास आरंभ होतो. नवार प्रथम तळास पक्की केली, मग कुशी जोडल्या. कुशीवरून वर जाणारी नवार मात्र यंत्राखालीं येईना, तेव्हां मास्तरांनीं दाभण घेतला, दोरा मधमाशीच्या मेणावरून तीनदां ओढला, आणि ती हातानें शिवावयास बसले. पिशवीच्या तोंडाशीं नवार जेथें कापडास सोडून वर निघते तेथें त्यांनीं एक चौकोन शिवला व त्यांत फुली घातली. ओढ कोणत्याही दिशेनें आली तरी तिला आडवा जाणारा टांका तेथें असतोच. फौजेच्या पट्ट्यांवर ही फुली दिसते. आमच्या दृष्टीस ती पूर्वीं शंभरदां पडली असेल; पण ती चूक दाखविणारी फुली नव्हे, एवढेंच आम्हां मास्तर लोकांस ठाऊक!

दुपारीं मास्तर जेवावयास गेले, तेव्हां आम्ही खडकीच्या युद्ध-स्मशानाकडे वळलों. दुसऱ्या महायुद्धांत ह्या देशाच्या पश्चिम व मध्य भागांत मृत्यु पावलेल्या 1,668 सैनिकांच्या कबरी येथें आहेत. पहिल्या महायुद्धांतील मृतांचेंही स्मारक आहे. एकसारख्या उंचीचे पांढरे दगड, मध्यें हिरवळ. अधिकारी असो वा साधा शिपाई असो, दगडाचें माप एकच. दादा वर्षांतून एकदां येथें येत असें वहिनींकडून कळलें होतें. कां येत हें आम्हीं त्यांस कधीं विचारलें नव्हतें.

एका झाडाखालीं बसून आम्ही ती घोकलेली तारीख मनांत चाळूं लागलों. ह्याच टापूंत बापू गोखल्यांचें घोडदळ दौडत गेलें. मधल्या दलदलींत घोडे रुतले. जरीपटक्याचे मानकरी मोरोपंत दीक्षित पडले. आणि बाजीराव पर्वतीवरून पाहत राहिले. अडतीस वर्षें शिकवितांना आमच्या डोळ्यांपुढें सरदार होते, निशाण होतें. घोड्यांच्या तोंडाला तोबरे कोणी शिवले, खोगिरांची शिवण कोणी घातली, हें आमच्या मनांत एकदांही आलें नाहीं. पाठ्यपुस्तकांत तें नव्हतें. इंग्रजांचें लष्कर मात्र ह्या विषयांत लढाईगणिक शिकत गेलें. 1899 ते 1902 च्या बोअर युद्धानंतर चामड्याचीं साधनें गैरसोयीचीं ठरलीं, आणि 1908 मध्यें त्यांनीं सुती नवारीचा सबंध साज स्वीकारला. सूत ओलें झालें म्हणजे दुबळें होत नाहीं, उलट त्याची ताकद थोडी वाढते. फक्त ओलें ठेवून दिलें तर बुरशी त्यास खाते. ह्या साजाची 1937 सालीं सुधारलेली तऱ्हा स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्यांत बरींच वर्षें चालली. दादांची पिशवी त्याच वळणाची. पराभवांतून आणि पावसांतून तयार झालेली ती शिवण होती, आणि आमच्या वडिलांनीं ती एका दृष्टिक्षेपांत ओळखली होती. त्यांनीं काढलेल्या त्या तीन शब्दांची किंमत आम्हांस त्या झाडाखालीं कळली.

परत आलों तों पिशवी पुरी होत आली होती. वहिनींनीं एक निरोप दिला होता, तो सांगावयास आम्ही कचरत होतों. काळ्या टांक्यांचा तो चौकोन नव्या पिशवींत कोठें तरी घालतां येईल काय? मास्तर पूर्वीं म्हणालेच होते कीं मेलेल्या कापडावर शिवूं नये. त्यांनीं तो चौकोन हातांत घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. मग झांकणाच्या आंतल्या बाजूस तो ठेवून, भोंवतीं नव्या कापडाची चौकट देऊन, चारही अंगांनीं टीप मारली. "येथें ओझें येत नाहीं," ते म्हणाले. "येथें राहील." वरील दुमड त्यांनीं उघडी ठेविली, त्यामुळें त्याचा एक लहानसा खिसा झाला.

घरीं परीक्षा झाली. नेहमींचें ओझें तीन-चार किलोंचें. पुतण्यानें हट्टानें दहा किलो ज्वारी भरून पिशवी माजघराच्या खुंटीस रात्रभर टांगली, आणि वर तांब्याभर पाणी ओतलें. सकाळीं त्यानें प्रत्येक शिवण डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. कांहीं न बोलतां त्यानें ज्वारी डब्यांत ओतली व आईस विचारलें, "औषधांचा खिसा कोणता?" वारीची परवानगी ती हीच. वहिनींनीं झांकणाखालचा तो लहान खिसा दाखविला.

सप्तमीस वहिनी देहूहून निघाल्या. पुतण्याची अट एवढीच कीं रोज मुक्कामावर पोंचल्याचें कळवावें. रोटी घाटाच्या दिवशीं निरोप यावयास रात्र झाली; घरांत कोणी जेवलें नव्हतें. निरोप आला तो असा: "घाट चढलें. पाऊस होता. पिशवी आंतून कोरडी." एकादशीचें दर्शन करून त्या परत आल्या तेव्हां पिशवीचा रंग धुळीनें थेट जुन्या पिशवीसारखा झाला होता. नवी नवार आरंभीं थोडी ताणते; तेवढें बक्कल एक बोट वर ओढून घ्यावें लागलें, एवढीच दुरुस्ति.

श्रावणांत आम्ही तिसऱ्यांदा खडकीस उतरलों; ह्या वेळीं वहिनी बरोबर होत्या. त्यांच्या हातांत बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद होता, खांद्यावर पिशवी. मास्तर यंत्रावरून उठले. वहिनींनीं प्रसाद पुढें केला, तों ते म्हणाले, "थांबा, बाई." त्यांनीं पिशवी मागून घेतली, उलटी केली, तळाखालच्या नवारीवरून आणि दोन्ही फुल्यांवरून अंगठा फिरविला, झांकणाखालचा काळ्या टांक्यांचा चौकोन पाहिला. मग पिशवी परत दिली, हात धोतरास पुसले, आणि प्रसादासाठीं पुढें केले.